सर्व्हर आभासीकरण : चाचणी आवृत्त्यांचा इतिहास

सर्व्हर आभासीकरण : एकाच प्रत्यक्ष सर्व्हरवर परस्परांपासून अलग असे अनेक संगणक एकाच वेळी चालत आहेत, असा आभास निर्माण करण्याच्या तंत्रास सर्व्हर आभासीकरण म्हणतात. अशा प्रत्येक आभासी यंत्राला स्वतःचा प्रोसेसर, स्मृती, डिस्क व नेटवर्कची जोडणी असल्याचे भासते आणि त्यावर स्वतंत्र परिचालन प्रणाली, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम, बसविता येते. प्रत्यक्ष साधनांची या यंत्रांत वाटणी करणाऱ्या व त्यांना एकमेकांच्या क्षेत्रात शिरू न देणाऱ्या सॉफ्टवेअरला हायपरव्हायझर असे नाव आहे.

विक्रीयोग्य ठरण्यापूर्वी सॉफ्टवेअर निवडक अथवा सर्व इच्छुक ग्राहकांना वापरण्यास देण्याची प्रथा जुनी आहे. अशा आवृत्तीस चाचणी आवृत्ती किंवा बीटा म्हणतात. अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर) येथील वाहन संशोधन व विकास संस्थेत सैन्यासाठी बनविलेली वाहने स्वीकृतीपूर्वी चाचणीमार्गांवर चालवून पाहिली जातात. सॉफ्टवेअरच्या बाबतीत असा एकच चाचणीमार्ग उभारता येत नाही. निरनिराळे प्रोसेसर, डिस्क-नियंत्रक व नेटवर्क कार्डे यांच्या जुळण्या इतक्या असंख्य असतात की, उत्पादकाच्या प्रयोगशाळेत त्या सर्व मांडणे अशक्य असते. म्हणून ग्राहकाचा संगणक हाच चाचणीमार्ग होतो. हायपरव्हायझरच्या बाबतीत हा प्रश्न अधिक बिकट आहे. अन्य सॉफ्टवेअर बिघडल्यास त्यापुरते काम थांबते. हायपरव्हायझर मात्र सर्वांच्या तळाशी असल्यामुळे तो कोसळल्यास त्यावरील सर्व यंत्रे एकदम कोसळतात. दुसरे असे की, अपुऱ्या सॉफ्टवेअरची चाचणी निर्धोकपणे घेता यावी हा आभासीकरणाच्या आरंभकाळातील एक प्रमुख उपयोग होता. जे साधन इतरांच्या चाचणीसाठी वापरले जाई त्याचीच चाचणी कशावर घ्यावी, हा पेच या इतिहासात पुनःपुन्हा उद्‌भवलेला दिसतो.

आरंभ : या तंत्राचा उगम अमेरिकेतील केंब्रिज (मॅसॅचूसेट्स) येथे आयबीएम कंपनीने १९६४ मध्ये स्थापन केलेल्या वैज्ञानिक केंद्रात झाला. तेथे रॉबर्ट क्रीझी व लेस कोमो यांनी सीपी-४० ही प्रणाली रचली. खास फेरफार केलेल्या सिस्टिम/३६० मॉडेल ४० या संगणकावर ती जानेवारी १९६७ पासून नियमित वापरात आली. प्रत्येकी २५६ किलोबाइट स्मृतीची १४ आभासी यंत्रे तीवर चालू शकत. तिची पुढील आवृत्ती सीपी-६७ ही सिस्टिम/३६० मॉडेल ६७ साठी होती. या संगणकासाठी कंपनीने टीएसएस/३६० नावाची अधिकृत प्रणाली योजिली होती; परंतु ती विलंब व अस्थैर्य यांनी ग्रासलेली होती. त्यामुळे मॅसॅचूसेट्स तंत्रविद्या संस्थेच्या लिंकन प्रयोगशाळेने अद्याप विक्रीस न आलेली सीपी-६७ आपल्या संगणकावर बसवून घेतली. १९६८ मध्ये कंपनीने ती ‘तृतीय वर्गीय’ क्रमणिका म्हणून खुली केली. म्हणजे ग्राहकाने ती मूळ आज्ञावलीसह न्यावी, स्वतःच्या जबाबदारीवर वापरावी व कंपनीकडून हमीची अपेक्षा ठेवू नये. आधुनिक बीटा आवृत्तीच्या करारातील मुख्य अटी येथे स्पष्ट दिसतात. अनेक ग्राहकांनी तिच्यातील दोष दुरुस्त केले, नवे भाग जोडले व ते परस्परांत वाटले.

सीपी-६७ मुळे वरील पेचाचे पहिले उत्तरही मिळाले. सिस्टिम/३७० ही संगणकमाला प्रत्यक्षात तयार होण्यापूर्वीच तिच्या नव्या आज्ञा पाळणारे आभासी यंत्र सीपी-६७ वर उभे करण्यात आले आणि त्यावर नव्या परिचालन प्रणालीचे काम सुरू झाले. तसेच सीपीची नवी आवृत्ती तिच्या जुन्या, स्थिर आवृत्तीच्या आभासी यंत्रात चालवून पाहता येई. नवी कोसळली, तरी जुनी उभी राही. २ ऑगस्ट १९७२ रोजी व्हीएम/३७० या नावाने ही प्रणाली अधिकृत उत्पादन म्हणून घोषित झाली. एखादा संगणक आभासीकरणास योग्य ठरण्यासाठी त्याच्या आज्ञासंचाने कोणत्या अटी पुऱ्या केल्या पाहिजेत, याचे काटेकोर विवेचन जेराल्ड पोपेक व रॉबर्ट गोल्डबर्ग यांनी १९७४ मध्ये केले.

लहान संगणकांचे युग : १९८० नंतर प्रसार पावलेले इंटेल पद्धतीचे प्रोसेसर या अटी पुऱ्या करीत नव्हते. पेंटियम प्रोसेसरच्या १७ आज्ञा अशा आहेत की, त्या आभासी यंत्रातून दिल्या गेल्यास हायपरव्हायझरला त्यांची चाहूल लागत नाही, असे २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका विश्लेषणात दाखविण्यात आले. या अडचणीवर दोन उपाय निघाले. स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधनातून १९९८ मध्ये स्थापन झालेल्या व्हीएमवेअर कंपनीने घातक आज्ञा चालू असतानाच बदलून घेण्याचे तंत्र वापरले. तिचे पहिले उत्पादन १९९९ मध्ये आणि सर्व्हरसाठीची उत्पादने २००१ मध्ये आली. ब्रिटनमधील केंब्रिज विद्यापीठात विकसित झालेल्या झेन या हायपरव्हायझरने आभासी यंत्रातील परिचालन प्रणालीतच फेरफार करण्याचा मार्ग धरला. त्याची आज्ञावली २००३ मध्ये सर्वांस खुली करण्यात आली. पुढे इंटेलने नोव्हेंबर २००५ मध्ये व एएमडीने मे २००६ मध्ये आभासीकरणास साहाय्यक अशा आज्ञा प्रोसेसरमध्येच अंतर्भूत केल्या आणि मूळ दोष दूर झाला. त्यांच्या आधारे घडविलेला केव्हीएम हा भाग फेब्रुवारी २००७ मध्ये लिनक्सच्या २.६.२० या आवृत्तीत समाविष्ट झाला.

हायपर-व्हीची चाचणी (२००७-०८) : मायक्रोसॉफ्टच्या हायपर-व्ही या हायपरव्हायझरची उभारणी हे चाचणी आवृत्तीच्या इतिहासातील चांगले नोंदले गेलेले उदाहरण आहे. त्याचे पहिले सार्वजनिक दर्शन सप्टेंबर २००७ मध्ये विंडोज सर्व्हर २००८ च्या एका अंतिमपूर्व आवृत्तीत झाले. नोव्हेंबरमध्ये त्यास हायपर-व्ही हे नाव मिळाले व १३ डिसेंबर २००७ रोजी बीटा आवृत्ती निघाली. फेब्रुवारी २००८ मध्ये विंडोज सर्व्हर २००८ पूर्ण झाला, तेव्हा त्यात हायपर-व्ही बीटा स्वरूपातच होता. मार्च व मे महिन्यांत दोन अंतिमपूर्व आवृत्त्या येऊन २६ जून २००८ रोजी तो पूर्ण झाल्याचे घोषित करण्यात आले. म्हणजे सु. पाच महिने पूर्ण झालेल्या परिचालन प्रणालीत अपूर्ण हायपरव्हायझर नांदत होता. तो आपोआप सुरू होत नसे, बसविणाऱ्याने मुद्दाम जोडावा लागे, हेच त्यातील संरक्षण होते.

उभारणीचा क्रम पुढीलप्रमाणे असे. प्रथम प्रोसेसर ६४ बिटांचा व आभासीकरणास साहाय्यक आज्ञांनी युक्त असल्याची खात्री करावी लागे. या आज्ञा आणि स्मृतीतील माहितीचा भाग आज्ञा म्हणून चालू न देणारी संरक्षक सोय, या दोन्ही बायॉसमध्ये सुरू कराव्या लागत. अनेक सर्व्हरवर त्या बंद स्थितीत येत. हा बदल केल्यावर संगणक केवळ पुन्हा सुरू न करता त्याचा वीजपुरवठा पूर्ण तोडून मग चालू करणे आवश्यक असे. ही लहानशी पायरी गाळल्यास हायपरव्हायझर सुरू होत नसे व बसविणारा चुकीच्या ठिकाणी दोष शोधीत राही. सप्टेंबरच्या आवृत्तीत विंडोजच्या एका उपकोषात ठेवलेले दोन संच हाताने चालवूनच पुढे जाता येई. बीटापासून नेहमीच्या यादीतून हायपर-व्हीची भूमिका निवडणे पुरेसे झाले. त्यानंतर संगणक पुन्हा सुरू होताना हायपरव्हायझर सर्वांत खाली स्थानापन्न होई आणि आधीची विंडोज प्रणाली त्यावरील पहिले, विशेषाधिकार असलेले विभाजन बनून वर उचलली जाई.

सर्वांत नाजूक पायरी नेटवर्कची होती. बाहेरील नेटवर्काशी जोडणारे आभासी स्विच निर्माण करताना प्रत्यक्ष नेटवर्क कार्ड त्या स्विचच्या ताब्यात जाई व क्षणभर जोडणी तुटे. दूरच्या ठिकाणाहून काम करणाऱ्याचा सर्व्हरशी संपर्कच नाहीसा होण्याचा संभव असे. म्हणून किमान दोन कार्डे असावीत व त्यांपैकी एक केवळ देखरेखीसाठी राखावे, अशी शिफारस होती. आवृत्ती बदलतानाही खबरदारी घ्यावी लागे. बीटावर घडविलेल्या यंत्रांची रचना अंतिमपूर्व आवृत्तीत चालत नसे. त्यांच्या डिस्कांच्या फाइली तेवढ्या राखून यंत्रे नव्याने मांडावी लागत. गोठवून ठेवलेली चालू यंत्रे अंतिम आवृत्तीत नेता येत नसत. ती आधी रीतसर बंद करावी लागत. आयबीएमच्या संगणकांवर हायपरव्हायझर दुसऱ्या हायपरव्हायझरच्या पोटात तपासता येत असे. हायपर-व्हीमध्ये ती सोय विंडोज सर्व्हर २०१६ पर्यंत नव्हती. त्यामुळे २००७-०८ मध्ये चाचणी घेणाऱ्याला एक अख्खा संगणक बाजूला काढावा लागे आणि ज्यांच्याकडे एकच सर्व्हर होता त्यांनी मोहात न पडणे हेच शहाणपणाचे होते.

महाराष्ट्र व अहमदनगर : व्हीएम/३७० च्या भरभराटीच्या काळातच, १९७८ मध्ये, आयबीएमने भारतातील व्यवसाय बंद केला. त्यामुळे भारतीय कार्यालयांत आभासीकरण मुख्यत्वे लहान सर्व्हरांच्या मार्गाने आले. भूमी अभिलेखांच्या संगणकीकरणाची केंद्रपुरस्कृत योजना १९८८-८९ मध्ये आठ जिल्ह्यांत प्रायोगिक स्वरूपात सुरू झाली. त्यांत महाराष्ट्रातील वर्धा जिल्हा होता. पुढे हे काम सर्व जिल्ह्यांत पसरले व प्रारंभी त्याची बैठक तालुक्याची होती. अहमदनगर हा क्षेत्रफळाने राज्यातील सर्वांत मोठा जिल्हा असून त्यात १४ तालुके आहेत. तालुकावार संगणक ठेवण्याचे तोटे उघड होते. प्रत्येक ठिकाणी यंत्राची निगा, माहितीची दुसरी प्रत व अखंड वीज हवी आणि हायपर-व्हीची चाचणी चालू होती त्या सुमारास ग्रामीण महाराष्ट्रात तर दीर्घ भारनियमन होते. त्याचबरोबर या पद्धतीचा एक गुणही होता : जामखेडचा संगणक बिघडला, तर अकोल्याचे काम अडत नसे.

केंद्र शासनाने राज्य डेटा सेंटरांच्या योजनेस २४ जानेवारी २००८ रोजी मान्यता दिली. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राची राष्ट्रीय डेटा सेंटरे दिल्ली, पुणे, हैदराबाद व भुवनेश्वर येथे उभी राहिली आणि फेब्रुवारी २०१४ मध्ये ‘मेघराज’ या उपक्रमाखाली राष्ट्रीय मेघसेवा सुरू झाली. अशा केंद्रांत निरनिराळ्या खात्यांना स्वतंत्र संगणक न देता आभासी यंत्रे दिली जातात. महाराष्ट्रात १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा उतारा मिळू लागला. पाथर्डीच्या वा पारनेरच्या शेतकऱ्याला पीककर्जासाठी लागणारा उतारा आता दूरच्या केंद्रातील सर्व्हरवर अवलंबून असतो. तळाचा थर बिघडल्यास एका तालुक्याचे नव्हे, तर अनेक जिल्ह्यांचे काम एकदम थांबते. कोणती आवृत्ती चाचणीसाठी व कोणती कामासाठी, हा भेद यामुळे तंत्रज्ञांपुरता न राहता सार्वजनिक हिताचा झाला आहे.

हे तंत्र शिकण्याची साधने जिल्ह्यात आहेत. लोणी, संगमनेर व कोपरगाव येथे १९८० नंतरच्या दशकात अभियांत्रिकी महाविद्यालये निघाली आणि संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांना मेघसंगणन हा विषय अभ्यासावा लागतो. झेन व केव्हीएम हे विनामूल्य व खुल्या आज्ञावलीचे असल्याने साध्या संगणकावरही बसविता येतात. नोव्हेंबर २०२३ मध्ये व्हीएमवेअर ब्रॉडकॉम कंपनीच्या मालकीची झाली व तिच्या परवान्यांची पद्धत बदलली. तेव्हापासून अनेक संस्था खुल्या हायपरव्हायझरांकडे वळू लागल्या आहेत.

सीपी-६७ पासून आजपर्यंतच्या अनुभवातून चाचणी आवृत्ती बसविण्याचे काही नियम रूढ झाले आहेत. ती वेगळ्या यंत्रावर बसवावी. मूळ माहितीची प्रत आधी घ्यावी. केलेल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवावी. आढळलेला दोष उत्पादकास कळवावा आणि परत फिरण्याची वाट मोकळी ठेवल्याखेरीज पुढची पायरी चढू नये. या नियमांत तांत्रिक असे थोडेच आहे. ज्यावर इतर सर्व उभे राहणार तो पाया आधी रिकामा असतानाच तपासावा, एवढेच त्यांचे सार आहे.