घोड्यांचे रंग आणि हजिरीच्या कागदांचें वाचन

जुन्या दप्तरांत लष्करी हजिरीचे जे कागद मिळतात, त्यांत स्वाराच्या नांवाबरोबर त्याच्या घोड्याचा रंगहि लिहिण्याची चाल होती. कुमाईत, सुरंग, नीला, मुस्की, समंद, अबलख, पंचकल्याणी असे शब्द या कामीं योजीत. कागद छापणारे संपादक बहुधा या शब्दांकडे शोभेचा मजकूर म्हणून पाहतात, व जागेची अडचण पडली कीं प्रथम तेच गाळतात. आमच्या मतें हा रंगाचा शब्द पुराव्याचा शब्द आहे. मात्र तो नीट वाचावयाचा तर घोड्याच्या अंगावर रंग कसा येतो व कसा पालटतो, हें जाणलें पाहिजे. गेल्या तीस वर्षांत या विषयाचें ज्ञान पुष्कळ वाढलें आहे. त्याचा उपयोग आमच्या कामीं कसा करावा, एवढेंच येथें सांगावयाचें आहे.

रंग लिहून ठेवण्याचें मूळ कारण अविश्वास हें होय. स्वारानें हजिरीला चांगला घोडा दाखवावा व मोहिमेवर भाकड तट्टू न्यावें, किंवा एकच घोडा दोन पथकांत मोजवून दोन वेळां पगार उचलावा, ही लबाडी सर्व राज्यांत चाले. ती मोडण्यासाठीं अल्लाउद्दीन खिलजीनें (इ. स. १२९६–१३१६) घोड्यास डाग देण्याची व वर्णन लिहिण्याची पद्धत घातली. अकबरानें तीच पद्धत इ. स. १५७३–७४ च्या सुमारास पुन्हां चालू केली. मराठी फौजेंत बारगीराचा घोडा सरकारचा व शिलेदाराचा घोडा त्याचा स्वतःचा, असा भेद असल्यामुळें घोडा कोणता व कोणाचा, हा प्रश्न पैशाचा होता. लढाईंत पडलेल्या घोड्याची भरपाई मागावयाची तर तो घोडा ओळखतां आलाच पाहिजे.

आतां रंगांच्या नांवांकडे वळूं. आचार्य हेमचंद्राच्या ‘अभिधानचिंतामणि’ या बाराव्या शतकांतील कोशांत घोड्यांच्या रंगांची एक लांबलचक यादी आहे. कोकाह, सेराह, खुंगाह, कियाह, त्रियूह, वोल्लाह, उराह, कुलाह, वोरुखान हीं त्यांतील नांवें कानाला संस्कृत वाटत नाहींत, आणि समुद्रमार्गानें व खुष्कीनें घोडे आणणाऱ्या परदेशी सौदागरांच्या तोंडून तीं गुजराथेंत आलीं असावींत, असा विद्वानांचा तर्क आहे. आम्हांस येथें नांवांपेक्षां त्यांचे अर्थ महत्त्वाचे वाटतात. वोल्लाह म्हणजे कपिल अंगाचा, पण आयाळ व शेपूट फिकट असलेला घोडा. उराह म्हणजे किंचित् पांडुर अंगाचा व काळ्या जांघांचा. कुलाह म्हणजे किंचित् पिवळा व गुडघ्यांशीं काळा. सुरूहक म्हणजे गाढवाच्या रंगाचा. कोशकारानें अंगाचा रंग निराळा व आयाळ, शेपूट आणि पाय यांचा रंग निराळा असा भेद मुद्दाम केला आहे.

हाच भेद आजच्या आनुवंशशास्त्राचा पाया आहे. घोड्याच्या केसांत दोनच रंगद्रव्यें असतात, एक काळें व एक तांबूस. काळें द्रव्य तयार होऊं द्यावयाचें कीं नाहीं, हें एक बीज ठरवितें. तें आईबाप दोघांकडून निकामी आलें तर घोडा सर्वांगीं तांबूस, म्हणजे सुरंग निपजतो. या बीजांतील फरक इ. स. १९९६ मध्यें निश्चित झाला. काळें द्रव्य अंगभर पसरावयाचें, कीं केवळ आयाळ, शेपूट व पाय यांपुरतें राखावयाचें, हें दुसरें बीज ठरवितें. राखलें तर कुमाईत, पसरलें तर मुस्की. या दुसऱ्या बीजाचा उलगडा इ. स. २००१ मध्यें झाला. यांवर रंग फिका करणारें एक तिसरें बीज आहे. त्याची एक मात्रा सुरंगावर पडली तर अंग सोनेरी व आयाळ पांढुरकी होते. कुमाईतावर पडली तर अंग पिवळें होतें, पण पाय काळेच राहतात. दोन मात्रा पडल्या तर घोडा जवळजवळ पांढरा, गुलाबी कातडीचा व निळ्या डोळ्यांचा होतो. वोल्लाह व कुलाह हे शब्द या दोन प्रकारांस बरेच जुळतात. फिकट आयाळ इतर कारणांनींहि येऊं शकते, म्हणून हें जुळणें सिद्धान्त म्हणून मांडतां येत नाहीं. तथापि कोशकारानें किंवा त्याच्या आधारग्रंथानें घोडे डोळ्यांनीं पाहून लिहिलें, एवढें त्यावरून खास ठरतें.

आमच्या कामाला सर्वांत उपयोगी पडणारें चौथें बीज म्हणजे नीळेपणाचें. याचें स्वरूप इ. स. २००८ मध्यें प्रसिद्ध झालें. हें बीज ज्याच्या अंगीं असेल तें शिंगरूं काळें, तांबूस किंवा कुमाईत जन्मतें. पुढें वर्षानुवर्षें त्याचे केस पांढरे होत जातात. मधल्या काळांत तो नीला दिसतो व त्याच्या अंगावर पुष्कळदां रुपयांसारखीं वर्तुळें उठतात. सहा ते दहा वर्षांच्या वयांत तो बहुधा पांढरा होतो. कित्येकांच्या पांढऱ्या अंगावर पुढें तांबूस ठिपकेहि येतात. कातडी मात्र अखेरपर्यंत काळीच राहते.

समजा, एका शिलेदाराच्या दोन हजिऱ्या दहा वर्षांच्या अंतरानें मिळाल्या, आणि पहिलींत घोडा ‘नीला’ व दुसरींत ‘सफेत’ लिहिला आहे. संपादक येथें कारकुनाची चूक मानून पाठ सुधारतो, किंवा स्वारानें घोडा बदलला असें अनुमान काढून टीप लिहितो. दोन्ही गोष्टी घाईच्या आहेत. एकच घोडा दोन्ही नोंदींत खरा असूं शकेल. एखाद्या निरपराध स्वारावर दोनशें वर्षांनंतर लबाडीचा आरोप येतो, आणि तो आरोप पुढें ग्रंथांतून ग्रंथांत जातो, हें इतिहासाच्या दृष्टीनें लहान पाप नव्हे.

उलट क्रम मात्र संभवत नाहीं. पांढरा झालेला घोडा पुन्हां कुमाईत होत नाहीं. पहिल्या कागदांत ‘सफेत’ व नंतरच्यांत ‘कुमाईत’ असेल तर घोडा निराळा, अथवा कागदांची मिती तरी चुकीची लागलेली असें समजावें. मिती नसलेल्या दोन हजिऱ्यांचा पूर्वापर क्रम लावण्यासहि हा नियम साह्य करील. मुस्की व गडद कुमाईत यांतील फरकावर मात्र फार भार देऊं नये. काळा घोडा उन्हानें तांबूस पडतो, आणि ऋतूप्रमाणें केस झडून रंगाची छटा बदलते.

मग न बदलणारी खूण कोणती? ती म्हणजे भोवरा. शालिहोत्र, नकुल व जयदत्त यांच्या नांवांवर चालणाऱ्या अश्वशास्त्रांत आवर्तांचें प्रकरण मोठें असतें, व त्यांतील शुभाशुभ फळें वाचून आधुनिक वाचक तें पान उलटतो. फळें सोडून द्यावीं; पण केसांचे भोवरे जन्मापूर्वींच ठरतात व आयुष्यभर जागा सोडीत नाहींत, म्हणून आजहि घोड्यांच्या ओळखपत्रांत ते नोंदविले जातात. पांढऱ्या पायांची व कपाळावरच्या चांदाची गोष्टहि तशीच. घोडा पांढरा पडला कीं ही खूण केसांत लपते, परंतु अंग भिजविलें असतां तिच्याखालची गुलाबी कातडी काळ्या कातडींतून उठून दिसते. वयाची खात्री दांतांवरून होते. पुढचे कायमचे दांत साधारणतः अडीच, साडेतीन व साडेचार वर्षांस येतात आणि पांचव्या वर्षीं तोंड पुरें होतें.

रंगावरून घोड्याचें दैव ठरत नाहीं, पण प्रकृतीविषयीं थोडेंबहुत कळतें. नीळेपणाच्या बीजाबरोबर काळ्या गांठींचा रोग येतो. पंधरा वर्षांवरील अशा घोड्यांपैकीं शेंकडा ७० ते ८० घोड्यांस शेपटाखालीं किंवा गुदद्वाराभोंवतीं त्या गांठी आढळतात, म्हणून पांढऱ्या घोड्याच्या धन्यानें शेपूट उचलून पाहण्याची संवय ठेवावी. गुलाबी नाकाडाचा घोडा उन्हानें भाजतो. चित्त्यासारखे ठिपके देणारें बीज आईबाप दोघांकडून आलें तर घोडा रात्रीं आंधळा असतो. पांढरा खूर काळ्यापेक्षां ठिसूळ, ही समजूत मात्र निराधार आहे.

घोडा मरतो तो रंगानें नव्हे, हयगयीनें, हें आमच्या पूर्वजांस पक्कें ठाऊक होतें. सभासदानें पंचवीस राउतांमागें एक पखालजी व एक नालबंद सांगितला आहे. म्हणजे पाणी व खूर या दोहोंची तजवीज आधीं. राज्याभिषेकापूर्वीं शिवछत्रपतींनीं चिपळूणच्या छावणीस लिहिलेल्या पत्रांत दाणा व वैरण सारा पावसाळा पुरवून वापरण्याची आणि गवताच्या गंजींस आगीपासून जपण्याची ताकीद आहे. घोड्यास ओकतां येत नाहीं, व आहारांत एकाएकीं बदल झाला कीं पोटशूळ उठून तो दगावतो, हें ध्यानांत घेतलें म्हणजे त्या ताकीदीचा अर्थ अधिक स्पष्ट होतो.

संग्राहकांस शेवटीं एक विनंति. जयदत्ताचें अश्ववैद्यक व नकुलाचें अश्वचिकित्सित हे ग्रंथ कलकत्त्यास इ. स. १८८६–८७ मध्यें छापले गेले; नकुलाचें सचित्र अश्वशास्त्र तंजावरच्या सरस्वती महालानें इ. स. १९५२ मध्यें प्रसिद्ध केलें. खासगी संग्रहांत सचित्र शालिहोत्राच्या पोथ्या असतात, व त्यांचीं चित्रांचीं पानें सुटीं करून विकण्याची वाईट चाल पडली आहे. चित्रांतील सफेदा शिशाचा असेल तर हवेनें काळवंडतो. मग पांढरा घोडा काळा दिसूं लागतो, आणि तो मूळचा कोणता, हें शेजारच्या ओळीखेरीज दुसरें कोणीहि सांगूं शकत नाहीं. पान सुटें झालें कीं चित्र मुकें होतें व ओळ आंधळी होते. तरी ज्यांच्याजवळ अशा पोथ्या किंवा हजिरीचे बंद असतील, त्यांनीं ते अखंड ठेवावे. आणि नक्कल करतांना रंग, वय, भोवरा व पायांच्या खुणा यांतील एकहि शब्द न गाळतां, न सुधारतां, जसाच्या तसा उतरून घ्यावा.