थंड, शिळे आणि शीतळा

ज्या रोगात अंगाची लाही लाही होत असे, त्या रोगाच्या देवतेस आपल्या पूर्वजांनी ‘शीतळा’ हे नाव दिले. शीतळा म्हणजे थंड, गार. पौषातील वाऱ्यास, विहिरीच्या पाण्यास किंवा चंदनाच्या उटीस जे विशेषण लावावयाचे, तेच भाजून काढणाऱ्या तापास लावले गेले. हे कसे घडले, आणि ह्या एका विशेषणाच्या आड आपल्या समाजाचा केवढा इतिहास साठला आहे, ह्याचा थोडा विचार येथे करावयाचे आम्ही योजिले आहे.

‘शीतल’ हा शब्द मराठीत दोन रूपांनी आला. त्याचे संस्कृत रूप देवघरात व काव्यात राहिले. प्राकृताच्या वाटेने झिजत आलेले ‘शिळा’ हे रूप मात्र स्वयंपाकघरात गेले. शिळा भात म्हणजे मुळात निवलेला, गार झालेला भात. पुढे त्याचा अर्थ कालचा असा झाला, आणि मग गोडी गेलेला. म्हणून बातमीही शिळी होते. हवेसाठी आपण रोजच्या बोलण्यात ‘थंड’ आणि ‘गार’ हे शब्द वापरू लागलो. ह्या शब्दांच्या लाक्षणिक अर्थांकडे पाहावे तर तेथेही दोन दिशा दिसतात. उन्हाच्या मुलखात राहणाऱ्यांस थंडावा म्हणजे सुख. म्हणून लेकरास पाहून डोळे निवतात, राग थंड होतो आणि शहाणा माणूस थंड डोक्याने विचार करतो. पण चूल थंड पडली म्हणजे घरावर संकट आले, आणि हातपाय गार पडले म्हणजे शेवट जवळ आला. शांती आणि मृत्यू ही दोन्ही एकाच विशेषणाच्या पोटी नांदतात.

येथे ‘हिवताप’ हा शब्द ताडून पाहण्यासारखा आहे. त्या तापात रोग्यास खरोखरीच हिव भरते. ते नाव म्हणजे लक्षणाचे सरळ वर्णन होय. शीतळेचे नाव वर्णन नव्हे. ते वर्णनाच्या नेमके उलट आहे, आणि ते जाणूनबुजून उलट ठेविलेले आहे.

अशी उलट नावे ठेवण्याची आपली रीत जुनी आहे. वेदांतील उग्र रुद्रास ‘शिव’, म्हणजे कल्याणकारी, हे विशेषण लागले आणि पुढे तेच त्याचे नाव होऊन बसले. आपल्या घरांत बांगडी फुटत नाही, ती वाढते. दिवा विझवीत नाहीत, शांत करतात. निघणारा माणूस ‘जातो’ न म्हणता ‘येतो’ म्हणतो. अशुभाचा उच्चार टाळावा आणि जे व्हावे तेच बोलावे, हा त्यामागील भाव. शमविणारी ती थोर, ही आपल्या दैवतकथांचीही शिकवण आहे. कवळे येथील श्रीशांतादुर्गेची कथा गोव्यातील वाचकांस सांगावयास नको. शिव आणि विष्णू ह्यांचे युद्ध थांबवून जी दोघांच्या मध्ये उभी राहिली, तिला आपण ‘शांता’ म्हणतो. शीतळेचे नावही ह्याच जातीचे आहे. त्यात भय आहे, आर्जव आहे, आणि ‘आई, आता निव’ अशी प्रार्थना आहे.

आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथांत ह्या रोगाचे नाव ‘मसूरिका’ असे आढळते; फोड मसुरीच्या दाण्याएवढे, म्हणून मसूरिका. माधवनिदानात तिचे स्वतंत्र प्रकरण आहे. सोळाव्या शतकातील भावमिश्राच्या भावप्रकाशात मात्र ‘शीतला’ हे नाव वैद्यकाच्या पोथीत आलेले दिसते. रोगाचे नाव आणि देवतेचे नाव तेथे एक झाले. तिची मूर्तीही बोलकी आहे : गाढव हे वाहन, मस्तकी सूप, हाती केरसुणी आणि पाण्याचा कलश. झाडणे, पाखडणे आणि थंड करणे ही घरातल्या बाईची नित्याची कामेच तिची आयुधे झाली.

रोगाचा आणि ऋतूचा संबंधही लोकांनी ओळखला होता. हा रोग वसंतात व उन्हाळ्यात बळावे आणि पावसाबरोबर ओसरे. बंगालात तर त्यास ‘वसंत’ असेच म्हणत. इंदूर व ग्वाल्हेरकडे शीतळेची पूजा होळीनंतरच्या सप्तमी-अष्टमीस होते; तिकडील पंचांगात ते चैत्र कृष्ण, तर आपल्या पंचांगात फाल्गुन वद्य. वडोदऱ्यास श्रावण वद्य षष्ठीला ‘रांधण छठ’ म्हणून सारा स्वयंपाक करून ठेवितात आणि सप्तमीस चूल पेटवीत नाहीत. महाराष्ट्रात श्रावण शुद्ध सप्तमी ही शीतळा सप्तमी. तिलाच ‘शिळासप्तमी’ असेही म्हणतात. येथे आपल्या विशेषणाची दोन्ही रूपे पुन्हा एकत्र येतात : शीतळेस शिळे. भाषेच्या दृष्टीने हा एकच शब्द आहे, आणि आदल्या दिवशीचे निवलेले अन्न हाच तिचा उचित नैवेद्य ठरतो.

ह्या नावाने घरातील वागणेही घडविले. ज्या घरी ‘देवी आल्या’ तेथे फोडणी द्यावयाची नाही, मोठ्याने बोलावयाचे नाही, रोग्याजवळ कडुलिंबाचे डहाळे ठेवावयाचे, असा दंडक असे. अंगभर फोड आलेले लेकरू किळस येण्याजोगे दिसे. पण त्याच्या देही देवीचा वास मानल्यामुळे त्याची सेवा ही पूजा ठरली. नावाने केलेले हे काम थोडे नव्हे.

तथापि नाव थंड ठेविल्याने ताप उतरला नाही, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगितले पाहिजे. असंख्य मुले दगावली, कित्येकांची दृष्टी गेली. लोकही केवळ प्रार्थना करून स्वस्थ बसले नव्हते. बंगालात रोग्याच्या फोडातील द्रव्य निरोगी माणसाच्या दंडावर टोचण्याची ‘टीका’ प्रचारात होती. हॉलवेल ह्याने १७६७ साली तिचे जे वर्णन प्रसिद्ध केले, त्यात टोचलेल्या माणसावर थंड पाणी ओतण्याचा विधी नमूद आहे. तेथेही शीतलतेचे सूत्र सुटलेले नव्हते. पण ह्या टोचणीत धोका असे. १७९६ साली इंग्लंडात एडवर्ड जेन्नर ह्याने गाईस होणाऱ्या सौम्य फोडांतील लस वापरून अधिक निर्धोक मार्ग दाखविला. १४ जून १८०२ रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल ह्या तीन वर्षांच्या मुलीस ती लस लागू पडली, आणि तिच्या दंडावरून दुसऱ्याच्या दंडावर अशी ती हैदराबादेपर्यंत व पुढे दक्षिणेत पोहोचली.

परक्यांची ही लस घ्यावी की नाही, ह्याविषयी लोकांत शंका होती आणि विरोधही झाला. परंतु मराठीने तिला जे नाव दिले ते पाहावे. रोगास ‘देवी’, आणि टोचण्यासही ‘देवी काढणे’! नव्या उपायास लोकांनी जुन्याच देवतेच्या पदरात बसविले. लस म्हणजे देवीशी वैर नव्हे, तर तिला निवविण्याची आणखी एक रीत, असा अर्थ आम्हांस त्यात दिसतो. मे १९७५ नंतर भारतात ह्या रोगाचा रोगी आढळला नाही. १९७७ साली देश रोगमुक्त ठरला आणि ८ मे १९८० रोजी जागतिक आरोग्य परिषदेने साऱ्या पृथ्वीवरून तो नाहीसा झाल्याचे घोषित केले. शतकानुशतके शब्दाने मागितलेले मागणे अखेर पुरे झाले.

आता उरले आहेत वडीलधाऱ्यांच्या दंडावरील वण आणि वर्षातून एक दिवस थंड राहणारी चूल. रोग गेला म्हणून हे व्रत सोडावे असे आम्ही म्हणणार नाही. मात्र त्याचा अर्थ विसरून केवळ शिळे खाणे हे व्रत नव्हे. त्या दिवशी लेकीसुनांस शीतळा कोण, तिला थंड का म्हटले, आणि ती कशी निवली, हे तिन्ही सांगावे. आणि मुलांस लस टोचून घेण्याचा प्रश्न येईल तेव्हा कोणी देवीच्या कोपाचे नाव पुढे करू लागला, तर त्यास थंड डोक्याने इतकेच सांगावे की, आपल्या पूर्वजांनी लसीचे नावच ‘देवी’ ठेविले होते.