पचन व पाचक विकरे

अन्नातील मोठे रेणू जलविच्छेदनाने फोडून ते रक्तात शोषले जाण्याजोगे करणारी शरीरक्रिया. विरारच्या फुलपाड्यात ज्या भात-बोंबलावर जेवण निभते, त्यातील भाताचे पिष्ट तोंडातच लाळेतील अमायलेज या विकराच्या अमलाखाली येते व घास फार वेळ चघळल्यास गोडसर लागतो. परंतु जठरातील तीव्र अम्लात हा अंमल बरखास्त होऊन बोंबलातील प्रथिनांचा ताबा पेप्सिन घेते. खरा कारभार लघ्वांत्राचा: तेथे पित्ताने विखुरलेल्या स्निग्धांशावर स्वादुपिंडाचे लायपेज, उरल्या पिष्टावर अमायलेज आणि प्रथिनांवर ट्रिप्सिन चालते. आगाशीच्या सुकेळीत, म्हणजे सुकवलेल्या पिकल्या केळ्यात, पिष्टाची शर्करा केळे पिकतानाच बहुतांशी झालेली असल्याने मुख्यतः सुक्रोज फोडणेच बाकी राहते. तंतुमय भाग मात्र मानवी विकरांना दाद देत नाही. त्याचा समाचार, तोही अंशतःच, मोठ्या आतड्यातील जंतू घेतात.