ठरल्याबरहुकूम उपचार

अर्धांगवायूच्या रुग्णाला ‘रोज तासभर हाताचा व्यायाम’ दिला, असे संशोधनाच्या कागदावर लिहिलेले असते. त्या तासात नेमके काय झाले, हे कागदाला ठाऊक नसते. गोळीतले मिलिग्रॅम मोजता येतात. थेरपिस्टच्या हातचा उपचार मोजायचा कसा?

या पेचाला आधी हात घातला तो मानसोपचाराने. कार्ल रॉजर्स यांनी १९४०च्या सुमारास ओहायो स्टेट विद्यापीठात समुपदेशनाच्या बैठका काचेच्या तबकड्यांवर ध्वनिमुद्रित केल्या. दर तीन मिनिटांनी तबकडीची बाजू बदलावी लागे. तरी १९४२च्या ग्रंथात त्यांनी एका रुग्णाच्या आठही बैठका शब्दशः छापल्या. बंद दाराआडचे बोलणे प्रथमच तिऱ्हाइताला तपासता आले. पुढे १९७९ मध्ये एरन बेक आणि सहकाऱ्यांनी नैराश्यावरील उपचार पायरीपायरीने लिहून काढला. अशा लेखी पद्धतीशी बैठकांच्या टेप ताडून पाहणे मग रूढ झाले.

पुनर्वसनात हे उशिरा आले. रुग्णागणिक व्यायाम बदलणे हेच तिथले कसब. लेखी साचा जाचक वाटला तर नवल नाही. २००४ मध्ये अमेरिकी संशोधकांच्या एका गटाने वर्तनबदलाचे उपचार ठरल्याबरहुकूम होतात का, हे तपासण्यासाठी पाच अंगे ठरवली: आखणी, थेरपिस्टचे प्रशिक्षण, प्रत्यक्ष उपचार, रुग्णाला तो उमगणे आणि त्याने तो रोजच्या जगण्यात उतरवणे. शेवटची दोन थेरपिस्टच्या हातातली नाहीत, म्हणूनच ती हटकून निसटतात.

पुनर्वसनाचे डोळे उघडले ते साध्या मोजणीने. कॅथरिन लँग आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये सात केंद्रांतली ३१२ सत्रे शेजारी बसून पाहिली. हाताच्या उपचाराच्या जेमतेम निम्म्या सत्रांत वस्तू उचलणे-ठेवणे यांसारख्या उपयोगी हालचालींचा सराव झाला, तोही सरासरी ३२ वेळा. प्राण्यांवरील प्रयोगांत मेंदूत बदल दिसत, ते रोजच्या शेकडो आवर्तनांनंतर.

भारतातल्या ‘अटेंड’ चाचणीत थेरपिस्टपासून रुग्णापर्यंतची साखळी आणखी लांबली. १४ रुग्णालयांतल्या अर्धांगवायूच्या १,२५० रुग्णांपैकी निम्म्यांच्या घरच्या माणसांना व्यायाम शिकवून घरी पाठवले. २०१७ मध्ये निकाल आला: सहा महिन्यांनी दोन्ही गटांतले ४७ टक्के रुग्ण दगावलेले किंवा परावलंबी होते. पद्धतच निरुपयोगी, की घरी व्यायामच पुरेसा झाला नाही, हे एवढ्या आकड्यावरून ठरवता येत नाही.