ईशान्य भारतीयांविरुद्धचा वंशभेद : कायद्याचे संरक्षण आणि स्थानिक मदत

आसाम, अरुणाचल प्रदेश, मणिपूर, मेघालय, मिझोराम, नागालँड, त्रिपुरा आणि सिक्कीम या आठ राज्यांतून शिक्षण व नोकरीसाठी महानगरांत येणाऱ्या नागरिकांना चेहरेपट्टीवरून हिणवले जाणे, परदेशी समजले जाणे किंवा भाड्याने घर नाकारले जाणे असे अनुभव वारंवार येतात. राज्यघटनेच्या अनुच्छेद १५ ने वंश व जन्मस्थानावरून भेदभावास मनाई केली आहे. तथापि, खाजगी व्यवहारांतील वंशभेदाविरुद्ध देशात स्वतंत्र, सर्वंकष कायदा नाही.

जानेवारी २०१४ मध्ये दिल्लीच्या लाजपतनगर भागात झालेल्या मारहाणीनंतर अरुणाचल प्रदेशातील एका विद्यार्थ्याचा मृत्यू झाला. त्यानंतर केंद्र सरकारने ईशान्य परिषदेचे सदस्य एम. पी. बेजबरुआ यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. समितीने त्याच वर्षी जुलैमध्ये अहवाल सादर केला. वांशिक अपमानाविरुद्ध कडक कायदेशीर तरतूद, पीडितांना विधी साहाय्य आणि अभ्यासक्रमात ईशान्येच्या इतिहासाचा समावेश या तिच्या प्रमुख शिफारशी होत्या. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१६ मध्ये अशा घटनांवर देखरेखीसाठी समिती नेमण्याचे निर्देश दिले.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेनुसार, पाच किंवा अधिक जणांच्या गटाने वंश, जन्मस्थान, भाषा आदी कारणांवरून हत्या केल्यास मृत्युदंड किंवा जन्मठेपेची तरतूद आहे. वांशिक शेरेबाजीसाठी मात्र स्वतंत्र कलम त्यात नाही.

पीडित व्यक्ती अनुसूचित जमातीची असल्यास १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा लागू होऊ शकतो. मूळ राज्य सोडून अन्यत्र राहणाऱ्यांनाही या कायद्याचे संरक्षण मिळते, असा निर्वाळा मुंबई उच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने २०२३ मध्ये दिला. परंतु ईशान्येतील सर्वच समाज अनुसूचित जमातींत मोडत नाहीत. त्यांना हा आधार मिळत नाही.

गुन्हा कोणत्याही हद्दीत घडला असला, तरी दखलपात्र गुन्ह्याची माहिती कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते. दिल्ली पोलिसांनी २०१४ मध्ये ईशान्येतील नागरिकांसाठी विशेष पथक स्थापन करून १०९३ हा मदत क्रमांक सुरू केला. महिला तसेच अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना उत्पन्नाची अट न लावता मोफत विधी साहाय्य मिळते; त्यासाठी राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाचा १५१०० हा क्रमांक आहे.

अफवांमुळे ऑगस्ट २०१२ मध्ये बंगळुरू, पुणे आदी शहरांतून ईशान्येतील हजारो नागरिक गावी परतले होते. असा विश्वास केवळ पोलीस बंदोबस्ताने परत मिळत नाही. अपमानाच्या प्रसंगी साक्ष देणारा शेजारी, तक्रारीसाठी सोबत जाणारा सहकारी आणि मूळ गाव न पाहता घर देणारा मालक यांची मदत अशा वेळी मोलाची ठरते. कायद्याच्या कलमात न बसणारा अपमान रोखण्याचे काम प्रामुख्याने त्यांच्याच हाती आहे.