गणवेशातले मौन

बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र असल्याने आपल्या भागात फौजेच्या गोष्टी घरोघर सांगितल्या जातात. फौजी माणसाला खोटे बोलणे जमत नाही, हा त्या गोष्टींतला नेहमीचा सूर. पण खरे बोलल्याबद्दलच गणवेश उतरवावा लागला तर? अमेरिकेच्या लष्करात ही पाळी हजारोंवर आली.

मार्गारेथ कॅमरमायर ही मूळची नॉर्वेची. व्हिएतनामच्या युद्धात परिचारिका म्हणून केलेल्या सेवेबद्दल तिला ब्राँझ स्टार मिळाला आणि पुढे वॉशिंग्टन राज्याच्या नॅशनल गार्डमध्ये ती कर्नलच्या हुद्द्यावर पोहोचली. १९८९ साली वरच्या प्रशिक्षणासाठी सुरक्षाविषयक चौकशी झाली. तीत विचारलेल्या प्रश्नाला तिने सरळ उत्तर दिले, की आपण समलिंगी आहोत. १९९२ साली तिला सेवेतून काढण्यात आले. ती न्यायालयात गेली आणि १९९४ साली निकाल तिच्या बाजूने लागून ती पुन्हा रुजू झाली.

दरम्यान १९९३ साली क्लिंटन यांच्या कारकिर्दीत एक विचित्र तडजोड झाली होती. वरिष्ठांनी विचारायचे नाही, सैनिकाने सांगायचे नाही. सांगितले तर नोकरी गेली! या नियमाखाली तेरा हजारांहून अधिक जणांना लष्कर सोडावे लागले.

अशा वेळी नामवंत कलावंत पुढे आले. १९९५ साली गायिका-अभिनेत्री बार्ब्रा स्ट्रायसँड हिने निर्मितीत भाग घेऊन कॅमरमायरच्या आयुष्यावर दूरचित्रवाणीचा चित्रपट काढला. ग्लेन क्लोजने कर्नलची भूमिका केली व तिला एमी पुरस्कार मिळाला. वर्तमानपत्रातला एक खटला त्यामुळे लाखो घरांच्या बैठकीच्या खोलीत पोहोचला. कायदा मात्र जागचा हलला नाही.

पंधरा वर्षांनी, १२ सप्टेंबर २०१० रोजी, लेडी गागा ही गायिका लॉस एंजलिसच्या एका पुरस्कार समारंभाला या नियमाची झळ लागलेल्या चौघांना सोबत घेऊन आली. त्याच समारंभात तिने घातलेल्या कच्च्या मांसाच्या पोशाखाचीही पुष्कळ चर्चा झाली. प्रसिद्धीचा झोत हा असा दुधारी असतो. २० सप्टेंबरला तिने मेन राज्यातल्या पोर्टलंड शहरी सभा घेतली. मेनच का? कारण तिथल्या ऑलिम्पिया स्नो व सुझन कॉलिन्स या रिपब्लिकन सिनेटरांची मते निर्णायक ठरण्याजोगी होती. दुसऱ्याच दिवशी सिनेटमध्ये मतदान झाले. ६० मते हवी होती, ५६ पडली. दोघींनीही विरोधात मत दिले.

मग सभा वाया गेली म्हणायची का? तसे नव्हे. त्याच वर्षी फेब्रुवारीत सेनादलांचे प्रमुख अॅडमिरल मलन यांनी सिनेटच्या समितीपुढे सांगितले होते, की देशरक्षणासाठी तरुणांना स्वतःविषयी खोटे बोलायला लावणारे धोरण आपल्या मनाला खटकते. नोव्हेंबरअखेर लष्कराचाच अहवाल आला. बंदी उठवल्याने विशेष बिघडणार नाही, असे बहुसंख्य सैनिकांचे मत त्यात नोंदले होते. डिसेंबरात कॉलिन्सबाई स्वतंत्र विधेयकाच्या पुरस्कर्त्या झाल्या आणि १८ तारखेला ते ६५ विरुद्ध ३१ मतांनी संमत झाले. स्नो यांनीही बाजूने मत दिले. पोर्टलंडच्या सभेला बरोबर एक वर्ष झाले त्या दिवशी, २० सप्टेंबर २०११ रोजी, जुना नियम संपला.

कलावंतांनी लोकांचे लक्ष वेधले, हे त्यांचे श्रेय मोकळ्या मनाने द्यावे. पण या लढ्यात त्यांची नोकरी जाणार नव्हती, निवृत्तिवेतन बुडणार नव्हते. ती जोखीम खरे बोलणाऱ्या सैनिकांनी घेतली. २२ डिसेंबर २०१० रोजी राष्ट्राध्यक्ष ओबामा यांनी विधेयकावर सही केली. त्या समारंभात राष्ट्रध्वजाला निष्ठेची शपथ सर्वांकडून म्हणवून घ्यायला एक वयस्क बाई पुढे आल्या. त्या होत्या कर्नल कॅमरमायर.