पाहुणा परदेशी ते यजमान परदेशी : जपानी खेड्यातल्या अतिथिगृहाच्या परवान्याचा इतिहास

जपानमधल्या रिकाम्या घरांचे व्हिडिओ तुमच्यापैकी अनेकांनी पाहिले असतील. या घरांना तिथे ‘आकिया’ म्हणतात. २०२३ च्या सरकारी पाहणीत ती सुमारे ९० लाख भरली, म्हणजे देशातल्या एकूण घरांच्या १३.८ टक्के. त्यात शहरातले रिकामे फ्लॅटही आले, पण स्वस्ताई खेड्यातच. मग मनात येतं, आपण इथे पुण्यात राहावं, तिथे एक घर घ्यावं आणि पर्यटकांना उतरवावं. घर घेता येतं का? येतं. परवाना? तिथे गोष्ट वेगळी आहे, आणि ती समजायला दीडशे वर्षं मागे जावं लागतं.

१८५८ च्या तहांनी जपानने काही बंदरं परकीयांना खुली केली. पण बंदरापासून साधारण ४० किलोमीटरच्या पलीकडे जायचं तर सरकारी परवाना हवा. प्रकृतिस्वास्थ्य किंवा शास्त्रीय अभ्यास, अशी कारणं त्यासाठी दाखवावी लागत. १८७८ मध्ये इझाबेला बर्ड ही इंग्रज प्रवासी उत्तर जपानात फिरली ती असाच परवाना घेऊन, आणि मुक्कामाच्या ठिकाणी तो दाखवावा लागे. म्हणजे परदेशी माणूस रात्री कुठे झोपतो, याची नोंद ठेवण्याचं काम खाणावळवाल्याकडे आलं.

निक्कोला बर्डबाई उतरल्या ते घर कानाया झेनइचिरो यांचं. हे गृहस्थ तोशोगू देवस्थानात वादक होते. अमेरिकन मिशनरी डॉक्टर हेपबर्न यांच्या सल्ल्यावरून १८७३ मध्ये त्यांनी राहत्या घरातल्या खोल्या परदेशी पाहुण्यांना द्यायला सुरुवात केली. पाहुणा परका, पण यजमान घरातच आणि गावाच्या ओळखीचा. ही जोडी लक्षात ठेवा.

त्याच १८७३ मध्ये परकीयांना जमीन विकायला किंवा गहाण ठेवायला बंदी झाली. पुढे १८९९ मध्ये नवे तह अमलात आले आणि परकीयांना देशात कुठेही राहण्याची मुभा मिळाली. त्याआधी ‘हे लोक आपली जमीन गिळतील’ असा मोठा वाद तिथे गाजला होता. शेवटी १९२५ चा कायदा आला. त्याचं तत्त्व परस्परतेचं : तुमचा देश जपानी माणसाला जमीन घेऊ देत नसेल, तर आम्हीही तुमच्यावर बंधन घालू शकतो. आता गंमत बघा. भारताबाहेर राहणाऱ्या, भारतीय वंशाच्या नसलेल्या परदेशी नागरिकाला आपला कायदा सहसा इथे घर-जमीन घेऊ देत नाही. तरी जपानने ते बंधन भारतीयांवर घातलेलं नाही. कायदा पुस्तकात आहे, वापरात नाही. मात्र घराला लागून शेती असेल तर १९५२ च्या शेतजमीन कायद्याप्रमाणे स्थानिक कृषी समितीची परवानगी लागते. तिथे अनेकांचा व्यवहार अडतो.

परवान्याचा धागा वेगळा आहे. १९४८ चा निवासव्यवसाय कायदा सार्वजनिक आरोग्याच्या अंगाने आला, म्हणून आजही अर्ज आरोग्य केंद्रात जातो आणि अग्निशमन दलाची तपासणी होते. अर्जदाराचं राष्ट्रीयत्व आड येत नाही. १५ जून २०१८ पासून दोन वाटा झाल्या. पहिली राहत्या घरात पाहुणे ठेवण्याची, म्हणजे ‘मिन्पाकू’ : वर्षाला फार तर १८० दिवस. पाहुणे असताना मालक तिथे नसेल, तर नोंदणीकृत व्यवस्थापन संस्थेकडे काम सोपवणं सक्तीचं. दुसरी वाट जुन्या कायद्याखालची. इथे दिवसांची मर्यादा नाही. पण स्वागतकक्षात माणूस ठेवायचा नसेल, तर सरकारी मार्गदर्शक सूचनेप्रमाणे अडचणीच्या वेळी साधारण १० मिनिटांत कुणीतरी पोहोचलं पाहिजे. पुण्याहून १० मिनिटांत कोण पोहोचणार?

मग काही जण म्हणतात, तिथेच राहायला जाऊ. घराची मालकी व्हिसा देत नाही. व्यवसाय-व्यवस्थापन व्हिसासाठीची भांडवलाची अट ऑक्टोबर २०२५ मध्ये ५० लाख येनवरून ३ कोटी येनवर गेली, शिवाय एक पूर्णवेळ कर्मचारी हवा. ‘स्वस्त घर घेतलं’ या आनंदात हा हिशेब राहून जातो, आणि बचत अडकते.

हा सारा क्रम एकत्र ठेवला की एक गोष्ट दिसते. जमीन परक्याच्या हाती जाईल ही भीती कायद्यात मागे पडली. पाहुण्यावरची नजर गेली नाही : जपानमध्ये पत्ता नसलेल्या परदेशी पाहुण्याचा पासपोर्ट क्रमांक २००५ पासून यजमानाने नोंदवायचा असतो. आणि यजमानाबद्दलचा प्रश्न तर ठाम झाला आहे : रात्री दोन वाजता गोंगाट झाला, आग लागली, तर शेजारच्या म्हातारीने दार कुणाचं ठोठवायचं? मालक कुठल्याही देशाचा चालतो, उत्तर देणारा माणूस जवळचा लागतो.

हे जाचक वाटेल, पण गावाच्या बाजूने पाहा. मालक दूर गेले म्हणून तर ही घरं ओस पडली. तेव्हा तुमच्यापैकी कुणी खरंच विचार करत असेल, तर घर पसंत करण्याआधी ती जबाबदारी घेणारा गावातला माणूस शोधा. मगच आरोग्य केंद्राकडे जा, आणि पैसे सगळ्यात शेवटी भरा.